हिरवं की गुलाबी?

मोटारीचं कूलंट रंग बघून विकत घेणं म्हणजे खसचं सरबत आणि फिनेल दोन्ही हिरवं म्हणून एकाच ग्लासात ओतणं. तरीही आपल्याकडे स्पेअरपार्टच्या दुकानात पहिला प्रश्न हाच असतो: "हिरवं देऊ की गुलाबी?" आणि आपणही कुर्त्याला मॅचिंग ओढणी शोधावी तसं बोनेट उघडून बघतो!

अहो, तो नुसता रंग आहे. गळती दिसावी म्हणून घातलेला. कुठल्या रंगात काय असावं याचा सगळ्यांनी पाळावा असा नियमच नाही. टोयोटाच्या गुलाबी कूलंटमध्ये फॉस्फेट असतं, फोक्सवॅगनच्या लाल जी-१२ मध्ये नसतं. फोक्सवॅगनच्याच निळसर हिरव्या जी-११ मध्ये हे लाल मिसळलं की तपकिरी गाळ व्हायचा. नंतर आलेलं जांभळं जी-१२ प्लस मात्र दोन्हींत चालायचं. आता लावा रंगांचा हिशोब.

खरा फरक असतो तो गंज रोखणाऱ्या रसायनांचा. जुन्या पद्धतीत सिलिकेट, फॉस्फेट वगैरे. ती लवकर खर्ची पडतात, म्हणून साधारण दोन वर्षांत बदलायचं. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्लांचे क्षार. ते पाचेक वर्षं टिकतात. युरोपवाले जड पाण्यात फॉस्फेटचा साका धरतो म्हणून ते टाळत आले, तर जपानी लोक पंपाच्या सीलसाठी सिलिकेट टाळत आले. म्हणजे कूलंट ठरवताना इंजिनातले धातू, सील आणि देशातलं पाणी एवढं सगळं बघितलेलं असतं. ते सगळं गाडीच्या पुस्तिकेत एका ओळीत लिहून ठेवलेलं असतं. पण पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरी करकरीत!

दुसरा पंथ त्याहून थोर. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? पाणीच टाका." हे ॲम्बॅसिडरच्या बिडाच्या इंजिनाला कसंबसं खपत होतं. (तेव्हाही कसारा घाटात बोनेट उघडून उभ्या गाड्यांची रांग असायचीच म्हणा.) आता इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटरही ॲल्युमिनियमचा. त्यात बोअरचं पाणी ओतलं की आतून क्षार चढतात, अगदी गीझरच्या कॉइलसारखे. उष्णता बाहेर पडत नाही, आणि मग एक दिवस भर घाटात हेड गॅस्केट जातं. कूलंटच्या डब्यावर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट बिल तिथे होतं, आणि ते "पाणीच टाका" म्हणणारा भरत नाही. उलट कधीकधी तोच ते फाडतो.

बर्फाचं म्हणाल, तर ग्लायकॉल गोठण बिंदू उतरवतं तसा उत्कलन बिंदू चढवतंही. निम्मं-निम्मं मिश्रण साध्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळतं आणि रेडिएटरच्या झाकणामुळे दाब वाढला की १२५च्या पुढे. मे महिन्यात एसी लावून खंबाटकी चढणाऱ्याला हे नको?

उलटा अतिरेकही नको. "प्युअर टाका, चांगलं असतं" म्हणून कॉन्सन्ट्रेट तसंच ओतणारे महाभाग आहेत. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस, त्यामुळे निव्वळ ग्लायकॉलने इंजिन जास्तच तापतं. गंमत म्हणजे ते गोठतंही लवकर: उणे १३ ला, तर निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ च्या आसपास. कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी मिसळा. डब्यावर तयार मिश्रण लिहिलं असेल तर थेंबभरही पाणी नको. वाटेत अडकलात तर बाटलीतलं पिण्याचं पाणी घाला, पण इंजिन गार झाल्यावरच झाकण काढा, आणि घरी आल्यावर सगळं काढून नव्यानं भरून घ्या.

आणि काढलेलं कूलंट गॅरेजवाला गटारात सोडतो, ते सोडू देऊ नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री ते चाटतात, आणि थोड्याशानेही मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही तेवढंच घातक. घरी डबा उरला असेल तर तो शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवू नका, त्याच्याच डब्यात, वरच्या फळीवर ठेवा.