आधी गार्ड बघा, मग वॅट

परवा धाकट्या मेहुण्याचा फोन आला. घरामागच्या शेडमध्ये लोखंडाचं किरकोळ काम सुरू करायचं म्हणतोय. "दाजी, ग्राइंडर कुठला घेऊ?" मी म्हटलं, संध्याकाळी निवांत बोलू. पण त्याला धीर कुठला! तासाभरात घरच्या ग्रुपवर निकाल लागलासुद्धा. पुतण्या म्हणाला, ८५० वॅटच्या खाली बघूच नका. भाचा म्हणाला, बॉश. जावई म्हणाले, मकिता. सगळे हुशार, दोघे तर इंजिनिअर. पण गार्डबद्दल एकानेही अवाक्षर काढलं नाही. म्हणून आज या म्हाताऱ्या मास्तराला लिहावं लागतंय.

वॅटचा आकडा म्हणजे मशीन किती वीज खातं त्याचा आकडा. खिडकीची ग्रिल, तुळशीचा स्टँड, गेटची बिजागरी एवढं करणाऱ्या माणसाला ४ इंची, सहाशे-सातशे वॅटचा ग्राइंडर पुष्कळ झाला. वर्गातल्या सगळ्यात धिप्पाड मुलाला मॉनिटर करावं, तसं वॅट बघून मशीन घेणं आहे.

आता जरा हिशेब. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस, पण हा हिशेब सातवीचा आहे. ४ इंची चकती म्हणजे १०० मिलिमीटर व्यास. परीघ साधारण ३१.४ सेंटिमीटर. मशीन मिनिटाला ११,००० फेरे मारतं. गुणून बघा. चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेगाने धावते. ती फुटली तर तुकडेही त्याच वेगाने सुटतात. त्या तुकड्यांच्या आणि तुमच्या तोंडाच्या मध्ये एकच गोष्ट असते, ती म्हणजे तो अर्धगोल पत्रा. आणि आपण पहिल्याच दिवशी तोच काढून खिळ्याला टांगतो!

"गार्ड मध्ये येतो हो," हे ठरलेलं उत्तर. खोटं नाही ते. कोपऱ्यात, पाइपच्या सांध्यात गार्ड खरंच अडतो. पण मग मशीन निवडताना हेच बघायला नको का, की गार्ड पान्याशिवाय, हाताने फिरवून हव्या त्या कोनात पक्का करता येतो की नाही? असा गार्ड असलेली मशीन मिळतात. ज्याचा गार्ड फिरवायला स्क्रू-ड्रायव्हर शोधावा लागतो, त्याचा गार्ड आज ना उद्या खिळ्यावर जाणार, हे लिहून ठेवा.

गार्ड गेला की दुसरा मोह होतो, मोठी चकती लावायचा. ७ इंची चकतीवर कमाल फेरे ८,५०० च्या आसपास छापलेले असतात. ती ११,००० वर फिरवायची म्हणजे चकतीने स्वतःच लिहून दिलेलं वाचायचं नाही असं ठरवणं.

दुसरी गोष्ट स्विचची. इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे.

२०२२ च्या पावसाळ्यात टाकीच्या स्टँडसाठी मी चौकोनी पाइप कापत होतो. मशीन स्वस्तातलं, पुढे सरकवून अडकवायच्या स्विचचं. गार्ड दुकानदारानेच काढून हातात दिला होता, "मास्तर, हा लागत नाही" म्हणून. आणि मी मान डोलावली होती. मध्येच लाइट गेली. मी मशीन टेबलावर ठेवलं आणि चहा प्यायला आत आलो. स्विच पुढेच राहिला. दहा मिनिटांनी लाइट आली आणि मशीन आपणहून सुरू झालं. टेबलावरून उडालं, फरशीवर आपटलं, चकती फुटली. एक तुकडा शेडच्या प्लायवूडच्या दारात रुतला, साधारण माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. माझ्या गुडघ्याची उंची म्हणजे, त्या दाराच्या उंबऱ्यावर बसून खडूने रेघोट्या मारणाऱ्या माझ्या नातीच्या डोक्याची उंची. लाइट गेली तेव्हा ती माझ्यामागोमाग बिस्किटासाठी आत आली होती, एवढंच.

छत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, पेपर सोडवण्याआधी सूचना वाचा. मशीनबरोबर आलेलं सूचनांचं पुस्तक मी मात्र त्या रात्री पहिल्यांदा उघडलं.

तेव्हा, ज्या देशात लाइट सांगून जात नाही आणि सांगून येत नाही, तिथे ग्राइंडर असा घ्या की जो हात सुटताच बंद पडेल (दाबून धरायचा लांब स्विच), नाहीतर वीज परत आल्यावर आपणहून सुरू होणार नाही अशी सोय असलेला. चार पैसे जास्त पडतात. पडू देत.

उरलेलं थोडक्यात. बाजूचं हँडल लावूनच काम करा. कापायच्या पातळ चकतीने घासू नका, तिला आडवा दाब सोसत नाही. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती बघा, आणि चकत्या ओलीत ठेवू नका. वाचायचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. लेंगा-सदरा घालून मशीनला हात लावायचा नाही. कार्बन ब्रश तुमच्या गावात मिळतो का, ते विचारा. आणि एवढं सगळं जमलं, की मग खुशाल बॉश-मकिताचं भांडण करा.

"आम्ही वीस वर्षं गार्डशिवायच करतो, काही झालं नाही," असं कोणी तरी नक्की म्हणणार. मलाही काही झालं नव्हतं, त्या दुपारपर्यंत.

मेहुण्याला सांगितलंय, मशीन घेतलंस की गार्डसकट फोटो पाठव. आणि पुढच्या दिवाळीत मी स्वतः येऊन बघणार आहे, तो गार्ड मशीनवर आहे की खिळ्यावर.

असो. तुमच्या घरी तो कुठे आहे?