आकड्यांचा पुरावा कोण मांडणार?

बारावीचा निकाल लागला की बिरवाडी आणि आसपासच्या बौद्धवाड्यांतील पालक आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. मुलाला आता कोणत्या लाइनला घालायचे? खरे म्हणजे उत्तर त्यांनी आधीच ठरवलेले असते. शेजारी महाडची एमआयडीसी आहे, रसायनांचे कारखाने आहेत. तेव्हा आयटीआय, नाहीतर केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी., आणि तेही जमले नाही तर ठेकेदाराकडे हजेरीवर. यात गैर काहीच नाही. ज्यांच्या घरात रोजच्या हजेरीवर चूल पेटते, त्यांना स्वप्ने विकण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु अर्थशास्त्र, मानवी वर्तन आणि डेटा सायन्स या तीन विद्या एकत्र शिकवणारे जे अभ्यासक्रम देशविदेशातील विद्यापीठांत सुरू झाले आहेत, त्यांची साधी चौकशी करणारा पालक आम्हाला अजून भेटलेला नाही, आणि याची आम्हाला काळजी वाटते. कारण हा प्रश्न केवळ पगाराचा नाही. तो आपल्या हक्कांच्या पुराव्याचा आहे.

हा विषय आहे तरी काय? अर्थशास्त्र सांगते की जमीन, पैसा आणि रोजगार कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो. मानवी वर्तनाचा अभ्यास सांगतो की माणूस निर्णय घेताना नुसता नफा-तोटा पाहत नाही. समोरच्याचे नाव, वस्ती, जातही पाहतो. आणि डेटा सायन्स म्हणजे लाखो नोंदींमधून गणित, संख्याशास्त्र व संगणक यांच्या साह्याने निष्कर्ष काढण्याची विद्या. डॅनियल काहनमन हे मानसशास्त्रज्ञ, परंतु त्यांना २००२ साली नोबेल मिळाले ते अर्थशास्त्राचे. २०१७ साली रिचर्ड थेलर यांनाही ते याच वर्तनाच्या अभ्यासासाठी मिळाले. म्हणजे या विद्यांमधल्या भिंती केव्हाच पडल्या आहेत. आपल्याकडे मात्र त्या अजून पक्क्या उभ्या आहेत.

आता महाडकरांना वेगळे सांगायला नको अशी एक गोष्ट सांगतो. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णांनी त्यांच्यावर दिवाणी दावा लावला. तो दावा उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकाली निघाला. कशावर? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही म्हणून. म्हणजे सत्याग्रहाने जो हक्क बजावला, तो न्यायालयात टिकला पुराव्याच्या कसोटीवर. दहा वर्षे ज्या नेत्याने ही लढाई लढवली त्याला रस्त्यावरचा संघर्ष आणि न्यायालयातला पुरावा या दोन्हींचे मोल ठाऊक होते.

आजचा पुरावा कोणता? २००६ च्या एम. नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदोन्नतीतील आरक्षणासाठी मोजता येईल अशी आकडेवारी मागितली. पुढे २०१८ साली जर्नेल सिंग प्रकरणात मागासलेपण पुन्हा सिद्ध करण्याची अट निघाली, पण अपुऱ्या प्रतिनिधित्वाचे आकडे देण्याची अट राहिली. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात आपल्या राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी लावली गेली, आणि 'इम्पिरिकल डेटा' हा इंग्रजी शब्द गावोगावच्या पारावर पोहोचला. यापुढे ज्याच्याकडे आकडे नाहीत त्याचा हक्क हवेत लटकणार, हे आम्ही वकील म्हणून लिहितो आहोत.

आणि आकडे गोळा कसे होतात तेही पाहा. ओबीसींची आकडेवारी काढण्यासाठी माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आडनावांवरून जात ठरवली जात असल्याबद्दल जून २०२२ मध्ये राज्यभर टीकेची झोड उठली. जुलैमध्ये त्याच आयोगाच्या अहवालावर निवडणुकांची वाट मोकळी झाली. आता आमच्याच मुलखातले उदाहरण घ्या. जावळीचे चंद्रराव मोरे हे मोरे, आणि महाड सत्याग्रहाचे एक शिल्पकार कॉम्रेड आर. बी. मोरे हेही मोरेच! जाधव, पवार, गायकवाड ही आडनावे तर मराठ्यांत आहेत, ओबीसींत आहेत आणि बौद्धांतही आहेत. मतदारयादी चाळून कोण कोणत्या जातीचा हे सांगायला बसले, तर संगणक कितीही मोठा असला तरी उत्तर चुकणारच. हा दोष यंत्राचा नव्हे, तो पद्धतीचा. आणि पद्धतीतला दोष न्यायालयात दाखवून द्यायला संख्याशास्त्र शिकलेला माणूस लागतो. नुसत्या घोषणांनी तो दाखवता येत नाही.

हीच विद्या आपल्या बाजूने काय करू शकते याचेही दाखले आहेत. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याचे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास, आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांशाच्या आसपास भरले. 'आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो' म्हणणाऱ्यांना इतके सणसणीत उत्तर शंभर भाषणांनीही देता आले नसते.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा उत्तर प्रदेशातील प्रयोग तर प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. त्यांनी ३२१ उच्च जातीच्या आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींच्या शाळकरी मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात उघड केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी होती. मुलांची नावे व जाती सर्वांसमोर पुकारल्या, आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, मुले तीच! वर्गात कोणाला कसे पुकारले जाते याची किंमत निकालपत्रकात मोजावी लागते, हे या प्रयोगाने आकड्यांत दाखवले.

येथे एक सावधानताही सांगितली पाहिजे. अभिजित बॅनर्जी व सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात असेच अर्ज पाठवून पाहिले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीनुसार भेदभाव आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र सवर्ण आणि ओबीसी नावांत फरक दिसला. आपल्याला न रुचणारा निष्कर्ष लपवणे ही आंबेडकरी रीत नव्हे. भेदभाव कुठे आहे, कुठे नाही आणि कुठे रूप बदलून बसला आहे हे कळले तरच घाव नेमक्या जागी घालता येतो.

कोणी म्हणेल, हे परदेशी फॅड आपल्याला कशाला? त्यांनी बाबासाहेबांची कोलंबिया विद्यापीठातली नोंद पाहावी. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. १९१५ साली अर्थशास्त्रात एम.ए. करणारा हा विद्यार्थी मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचतो! पैशाचा व्यवहार आणि माणसाचे वर्तन एकत्र अभ्यासावे लागते हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिताना त्यांनी सरकारी आकडेवारी तपासली आणि खरे दुखणे नुसते तुकड्याच्या आकारात नसून भांडवलाच्या अभावात व जमिनीवर बेकार पडून राहिलेल्या माणसांत आहे, म्हणून उद्योगधंदे वाढवा, असे सांगितले. तोच अर्थशास्त्रज्ञ १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडतो. कोकणातल्या कुळांना वेगळे सांगायला नको की त्या अभ्यासाचे मोल काय होते.

आता तर प्रश्न आणखी बिकट झाला आहे. कर्ज कोणाला द्यायचे, कोणाचा अर्ज पुढे पाठवायचा, हे ठरवण्यात संगणकाचा हात वाढतो आहे. संगणक शिकतो जुन्या नोंदींवरून. एखाद्या वस्तीला बँकेने पूर्वी दारातही उभे केले नसेल, तर तेथे कर्जफेडीची नोंदच नसते. आणि नोंद नाही म्हणून यंत्रही नकार देते. म्हणजे कालचा भेदभाव आज गणित म्हणून समोर येतो. ज्याला ते गणित वाचता येत नाही, त्याने दाद कोणाकडे आणि कशाच्या आधारे मागायची?

जनगणनाही तोंडावर आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने तीत जातींची मोजणी करण्याचा निर्णय घेतला आणि १ मार्च २०२७ ही देशाच्या बहुतांश भागासाठी संदर्भ तारीख ठरली. सर्व जातींची मोजणी होऊन प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना १९३१ ची. २०११ साली महाराष्ट्रात ६५.३१ लाख बौद्ध नोंदले गेले. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीत स्थान देणारी दुरुस्ती १९९० ची. त्यामुळे धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना हे दोन्ही आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत. परंतु नोंद करून काम संपत नाही. त्या कोट्यवधी नोंदी बाहेर येतील तेव्हा त्या चाळून शिष्यवृत्ती, जमीन, नोकरी यांतला आपला वाटा किती हे कोण सांगणार? दुसऱ्यांनी काढलेल्या निष्कर्षांवर आपण नुसते निषेधाचे पत्रक काढत बसणार काय?

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. पहिली, दहावीनंतर गणित सोडू नका. आर्ट्सला गेलेला हुशार मुलगा पुढे या शाखेत अडतो तो बहुतेक गणितामुळेच. दुसरी, नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतही मुख्य विषयासोबत गौण विषय घेता येतो. जेथे सोय असेल तेथे अर्थशास्त्रासोबत संख्याशास्त्र किंवा मानसशास्त्र घ्या. नसेल तेथे ती मागा. तिसरी, लाखभर रुपये उकळून चार महिन्यांत डेटा सायंटिस्ट बनवण्याच्या जाहिरातींना भुलू नका. विद्यापीठाची पदवी, सरकारी शिष्यवृत्ती आणि वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना, हा मार्ग लांबचा असला तरी पक्का आहे. जात प्रमाणपत्र व वैधता यांची कागदपत्रे मात्र अकरावीतच तयार ठेवा. ऐनवेळी धावपळ करणाऱ्यांचे वर्ष गेलेले आम्ही पाहिले आहे.

शासनाकडेही आमची मागणी आहे. माणगाव तालुक्यात लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, महामार्गावर, महाडपासून हाकेच्या अंतरावर. ज्या महापुरुषाने अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली त्याच्या नावाच्या विद्यापीठात संगणकाच्या जोडीला अर्थशास्त्र आणि मानवी वर्तन शिकवणारा पदवी अभ्यासक्रम सुरू करावा. महाड-पोलादपूरच्या मुलांना त्यासाठी मुंबई-पुण्यात खोली भाड्याने घेण्याची वेळ येऊ नये.

तोपर्यंत प्रत्येक विहार समितीने रविवारच्या वंदनेनंतर दोन तास गणिताचा वर्ग चालवावा. शिकवायला कारखान्यातले इंजिनिअर आहेत, बँकेतले कर्मचारी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. जयंतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा बाजूला काढला तर पुस्तके आणि एक जुना संगणकही होतो. यंदाच्या निकालानंतर बिरवाडीतून एक मुलगी जरी या वाटेला लागली, तरी तिचा प्रवेश अर्ज भरून द्यायला आणि कागदपत्रे पाहायला आम्ही मोफत बसू.

जयभीम!