कंपू किती पक्का?

माझ्या फोनमध्ये आठशेच्या वर नंबर आहेत. मीडियात फ्रीलान्सिंग करायचं म्हणजे तेवढे लागतातच. जुलै 2021 मध्ये पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती आणि मी शाहूपुरीत पेइंग गेस्ट होते. कुंभार गल्लीत पाणी शिरत होतं. गणपती दीड महिन्यावर. अर्ध्याकच्च्या मूर्ती माळ्यावर चढवायच्या होत्या. मी कॉलेजच्या ग्रुपवर 'चला रे' टाकलं. मेंबर 42. अंगठे आले 17, माणसं आली 3. कोरोनाचे दिवस होते, त्यामुळे कारणं काय, रेडीमेडच होती.

यंदा म्हटलं, पावसाळ्याआधीच हक्काच्या माणसांची यादी करू. पुण्यात डेटाचं काम करणारा माझा शाळेतला मित्र घरी आला होता. चहा पिता पिता त्यानं माझी यादी बघितली आणि म्हणाला, "ही यादी नाही, ही डिरेक्टरी आहे. ठिपके काढ."

ठिपका म्हणजे माणूस, रेघ म्हणजे ओळख. ज्या घोळक्यात प्रत्येकाची प्रत्येकाशी रेघ आहे, तो पक्का कंपू. कॉम्प्युटरवाले त्याला क्लीक म्हणतात. प्रत्येकाची प्रत्येकाशी कशाला? तर एकानं फोन उचलला नाही तरी दुसरा कुणीतरी त्याला गाठू शकतो. असे कंपू शोधायची ब्रॉन आणि केरबॉश यांची पद्धत 1973 पासून आहे. पण तिच्यात रेघ एकतर असते किंवा नसते. आपल्या आयुष्यात असं कुठं असतं हो? म्हणून 2015 मध्ये मुखर्जी, शू आणि तीर्थपुरा या तिघांनी बेभरवशाच्या रेघांमधले कंपू शोधायची रीत मांडली. पेशीतली प्रथिनं एकमेकांशी जोडली जातात की नाही, हे प्रयोगातून शंभर टक्के कळत नाही. तिथंही रेघेवर असाच भरवशाचा आकडा असतो.

मग आम्ही आकडे टाकले. समजा, कुठल्याही दोघांची रेघ टिकण्याची शक्यता 0.9. भारी वाटतं ना? चार जणांत रेघा सहा. सहा वेळा 0.9 चा गुणाकार केला की येतात 0.53. पाचवा घेतला की रेघा होतात दहा आणि आकडा 0.35 वर येतो. म्हणजे निम्म्याहून जास्त खात्री हवी असेल तर चारावर थांबा! 42 जणांच्या रेघा 861. तो गुणाकार मी केलाच नाही.

ह्यात एक मेख आहे. हा गुणाकार प्रत्येक रेघ स्वतंत्रपणे तुटते असं धरून चालतो. पुरात टॉवर गेला की सगळ्यांचेच फोन एकदम जातात. आणि उलटंही होतं. कुंभार गल्लीतल्या मामांना मी विचारलं, "तुम्ही कुणाकुणाला फोन लावता?" ते हसले. "फोन कशाला लावायचा पोरी? एक हाक मारली की आख्खी गल्ली उठती. एक आला की दुसरा घरात बसतोय व्हय?" मित्राला हे सांगितल्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, रेघा अशा एकमेकींना बांधलेल्या असतील तर पाच जणांचे 0.35 थेट 0.9 पर्यंतही जाऊ शकतात. दहाही रेघा एकदम टिकतात, नाहीतर एकदम तुटतात.

तर यंदाच्या यादीत कॉलेजचा ग्रुप नाही. ते तिघं आहेत आणि चौथी मी. मित्रानं माझ्या तिन्ही रेघांवर डोळे झाकून 0.9 लिहिलंय. 2021 च्या त्या पुरात दुसऱ्या रात्री मी फोन सायलेंटवर टाकून झोपले होते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.