फोटोच्या मागे नाव लिहा

कोणत्याही गावाचे कॅलेंडर उघडून पाहा. त्यात तलाव असतो, देऊळ असते, धबधबा असतो. आपली आळी मात्र नसते. खोपोलीचेच घ्या. नाना फडणविसांनी बांधलेल्या तलावाचे फोटो शेकड्यांनी निघाले. पावसाळ्यात मुंबईचे पाहुणे येतात आणि धबधब्यापुढे उभे राहून फोटो काढून जातात. कर्जत तालुक्यात माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली, तेव्हापासून तिचे फोटो निघताहेत. पण ज्या गल्लीत पहाटे नळापुढे हंड्यांची रांग लागते, त्या गल्लीचा फोटो कुणी काढला आहे काय?

म्हणून एका रविवारी आम्ही वस्तीतली पाच मुले गोळा केली. दोन मोबाइल, एक वही, एक पेन्सिल, एवढेच साहित्य. कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसलो. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी स्टेशने मागे टाकत खोपोलीला उतरलो आणि एका साध्या कामगार वस्तीत शिरलो. मुलांना तीन नियम सांगितले. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. एकाने दहापेक्षा जास्त फोटो काढायचे नाहीत. आणि ज्याचा फोटो काढला त्याचे नाव व काम वहीत लिहिल्याशिवाय पुढे जायचे नाही.

पहिल्या दहा मिनिटांत मुले कंटाळली. “इथे काढण्यासारखे आहेच काय?” एकाने विचारले. आम्ही म्हटले, नीट बघ. मग हळूहळू दिसू लागले. नळाला पाणी येण्याआधी नंबर लावून ठेवलेले हंडे, आणि हंडा नाही म्हणून नंबराला ठेवलेला दगड. रात्रपाळी करून सायकल हातात धरून येणारे काका, हँडलला रिकामा डबा. पत्र्यावर अंथरलेले निळे प्लास्टिक, ते उडू नये म्हणून ठेवलेले जुने टायर. विहाराच्या पायरीवर काढून ठेवलेल्या चपला, त्यांत एक इवलासा जोड. मागे उभा डोंगर आणि त्यावरून वीजघराकडे उतरणारे टाटांचे मोठाले नळ. हे वीजघर १९१५ साली सुरू झाले. त्यातून सुटणारे पाणीच पुढे पाताळगंगेला मिळते.

एका ओट्यावर आजी बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. मुलाने विचारले, “आजी, तुमचा फोटो काढू?”

“माजा कशाला रं बाला? तरण्याताठ्यांचा काढ.”

“तुमचाच पाहिजे, आजी.”

आजींनी पदर डोक्यावर घेतला, सुपातले वाल सारखे केले आणि ताठ बसल्या. फोटो झाल्यावर त्यांनीच आम्हाला घरात बोलावले. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, त्यांच्या शेजारी लग्नाचा एक फोटो आणि खाली काळ्या चौकटीत नऊ माणसांचा जुना फोटो. कारखान्यातली त्यांच्या मालकांची टोळी. नऊही जण इस्त्रीचे सदरे घालून स्टुडिओत गेले होते. आम्ही विचारले, हे कोण कोण? आजींनी बोट ठेवत ठेवत पाच नावे सांगितली. सहाव्यावर बोट थांबले. “ह्यो आमच्या घरी जेवायचा. नाव काय व्हतं बरं...” बराच वेळ त्यांनी आठवून पाहिले. नाव आले नाही. मुलांनी पाच नावे वहीत लिहिली आणि चार जागा रिकाम्या ठेवल्या. घरातली सूनबाई म्हणाली, “इतकी वर्षे हा फोटो रोज पुसते मी, पण विचारले कधीच नाही.”

वाचकहो, या चार रिकाम्या जागा आम्हाला फार लागल्या. कारण आपल्या मुलखात ही गोष्ट नवी नाही. खोपोलीला आगगाडी १८५६ साली आली. तेव्हा गाडी इथेच संपत असे. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. तो बांधायला १८६१ च्या सुमारास ४२ हजारांवर मजूर राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे चालवले, आणि त्या कामाचे फोटोही काढले. म्हणजे त्या काळीसुद्धा आपल्या घाटात कॅमेरा होता. कंत्राटदाराचे नाव राहिले, फोटो काढणाऱ्या बाईंचेही राहिले. सुरुंगाची भोके पाडणाऱ्या आणि डोक्यावरून दगडमाती वाहणाऱ्या त्या हजारो माणसांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत.

पुढे १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले. देशभरच्या माणसांचे फोटो त्यात आहेत. पण बहुतेक फोटोंखाली माणसाचे नाव नाही, त्याची जात किंवा जमात आहे. माणूस नमुन्यासारखा उभा केला. ज्याच्या फोटोखाली नाव नसते, त्याच्या फोटोखाली दुसराच कोणी हवे ते लिहितो.

आपल्यातल्या जाणत्यांनी ही गोष्ट ओळखली होती. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले. आज ती गर्दी आपण पाहू शकतो ती त्यामुळे. अलीकडच्या काळात सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गटारात उतरणारा माणूस रोज सगळ्यांना दिसत होता, पण ओलवेंनी तो पाहायला लावला.

आणि वस्ती कायमची असते असे समजू नका. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीकाठच्या कितीतरी घरांतले फोटो चिखलात गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसांचा पत्ता लागला नाही आणि शोध थांबवावा लागला. ठाकर बांधवांच्या वाडीतली कितीतरी घरे गाडली गेली. तिथे उंबरा कुठे होता, अंगण कुठे होते, हे आता सांगणाऱ्याच्या आठवणीतच उरले. दरडीचे फोटो साऱ्या देशाने पाहिले. दरडीआधीची वाडी किती जणांनी पाहिली?

तेव्हा एवढे करा. येत्या सुट्टीला मुलांना घेऊन आपल्याच आळीत फिरा. सकाळी सात ते नऊचा उजेड चांगला. सूर्य पाठीशी ठेवा. नळ, ओटा, दुकान, शाळेची वाट, विहार, सगळे काढा. घराचा फोटो दूरून एक आणि दारातून एक घ्या. आंघोळीच्या, कपडे धुण्याच्या जागेकडे कॅमेरा वळवू नका. कुणी नको म्हटले तर नको.

मोबाइलवर विसंबू नका. तो पडतो, हरवतो, बिघडतो. निवडक दहा-बारा फोटो स्टुडिओतून कागदावर काढून घ्या. मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख, जागा आणि डावीकडून उजवीकडे नावे लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. दोन प्रती काढा. एक घरात उंचावर घट्ट झाकणाच्या डब्यात, दुसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. फोटो भिजून एकमेकांना चिकटले तर ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात सोडा, सुटे होऊ द्या, मग चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा.

फोटोने घराचा हक्क मिळत नाही, त्याला कागदपत्रेच लागतात, ती वेगळी जपा. पण नातवंडांना आपण कोण, कुठे राहत होतो, कुणाच्या खांद्याला खांदा लावून राबलो, हे सांगायला सातबारा पुरत नाही.

आणि नवे फोटो काढण्याआधी एक काम आजच करा. भिंतीवरचा जुना फोटो खाली उतरवा. घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा, “हे कोण?” जे नाव सांगतील ते लगेच लिहून घ्या. उद्यावर टाकू नका.