सुईणीच्या नावाची मिस्सा

गेल्या नोव्हेंबर महिन्यात, मृत भाविकांच्या स्मरणाच्या त्या दिवसांत, आमच्या धर्मग्रामातील सकाळच्या मिस्सामध्ये मी एका हिंदू वृद्धेचे नाव वाचले. ती या गावची सुईण. नव्वदी ओलांडून ती गेली. तिच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने मिस्साचा हेतू लिहून दिला होता आणि मी तो इतर नावांबरोबर वाचला. मिस्सा संपली. मी सॅक्रिस्टीत झगा उतरवतो न उतरवतो तोच तीन-चार मंडळी आत आली. त्यांच्यातील एक जण म्हणाला, "फादर, बाप्तिस्मा न झालेल्या बाईसाठी मिस्सा कशी? ती तर गेली. आता प्रार्थना करून काय उपयोग?" 'गेली' हा शब्द त्याने ज्या स्वरात उच्चारला त्यात मरणाचा अर्थ नव्हता, नरकाचा होता.

ही मंडळी दुष्ट नाहीत. रविवार चुकवत नाहीत, आजाऱ्यांच्या भेटीला जातात, चर्चच्या सणाला मांडव घालायला सर्वांच्या आधी हजर असतात. परंतु एका तीन दिवसांच्या तपसाधनेला ती जाऊन आली होती. तेथील उपदेशकाने त्यांना जगाची सरळ दोन भागांत वाटणी करून दिली होती. बाप्तिस्मा झालेले वाचतील, बाकीचे जळतील. उपदेशकाचे नाव मी घेत नाही. ते एकटे नाहीत आणि पहिलेही नाहीत. मात्र ही शिकवण कॅथलिक शिकवण म्हणून आपल्या घरांत शिरत असेल, तर मौन पाळणे हा माझ्या पदाचा विश्वासघात होईल.

प्रथम कायद्याचे बोलतो, कारण अशा मंडळींना कायदा प्रिय असतो. 1983च्या धर्मसंहितेचे 901वे कलम असे सांगते की, धर्मगुरूला कोणासाठीही, मग ती व्यक्ती जिवंत असो वा मृत, मिस्सा अर्पण करण्याची मोकळीक आहे. त्या 'कोणाही'मागे बाप्तिस्म्याची अट नाही. हेतू लिहून घेताना दाखला मागावा असे रोमने मला सांगितलेले नाही.

आता त्या सुईणीकडे वळू. फार वर्षांपूर्वी येथील एका वृद्ध धर्मगुरूंनी तिला बोलावून एक गोष्ट शिकवून ठेवली होती. दवाखाना दूर, पावसाळ्यात रस्ता बंद. जन्मलेले मूल जगेलसे दिसले नाही, तर त्याच्या मस्तकावर पाणी ओतायचे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याला बाप्तिस्मा द्यायचा. तिने ते शब्द पाठ केले होते. आमच्या जुन्या नोंदवहीत 'घरी, संकटसमयी, सुईणीच्या हातून' अशा दोन नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यांपैकी एक मूल वाचले, त्याचे उरलेले विधी पुढे चर्चमध्ये झाले. दुसरे त्याच रात्री गेले.

आपल्यापैकी अनेकांना हे नवल वाटेल, पण ख्रिस्तसभेची ही शिकवण जुनी आणि पक्की आहे. संकटसमयी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, ज्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नाही तोसुद्धा. ख्रिस्तसभेला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू असला म्हणजे पुरे. 861वे कलम पाहावे. 1992च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने याची दोन कारणे शेजारीशेजारी मांडली आहेत. बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे हे एक, आणि सर्वांचे तारण व्हावे ही परमेश्वराची इच्छा आहे हे दुसरे.

आता मला सांगा, त्या रात्री गेलेल्या बाळाचे काय? ते स्वर्गात आहे याविषयी सॅक्रिस्टीत आलेल्या मंडळींच्या मनातही शंका नव्हती. त्याला आपण पांढऱ्या पेटीत ठेवून आपल्याच दफनभूमीत पुरले. म्हणजे बाळ स्वर्गात, आणि ज्या हाताने त्याला तेथवर पोहोचवले तो हात आगीत? देवाने तिच्या ओंजळीतले पाणी स्वीकारले आणि तिला उंबऱ्याबाहेर उभे ठेवले? असा यजमान आपल्या गावात कोणी असता, तर त्याच्या दारी आपण पाणी प्यायलो नसतो.

यावर उत्तर म्हणून जे वाक्य फेकले जाते ते मला ठाऊक आहे. "ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही." वाक्य खोटे नाही, पण ते कोणाला उद्देशून बोलले गेले ते पाहावे लागते. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी ही भूमिका मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर फूट पाडणारे ख्रिस्ती होते. घर सोडून जाणाऱ्या मुलाला बापाने दिलेली ती ताकीद होती. ज्यांनी ते घर कधी पाहिलेच नाही, त्यांच्याविषयीचा तो निवाडा नव्हता. पुढे 1442मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने तेच वाक्य अतिशय कठोर शब्दांत, मूर्तिपूजक व यहुदी यांची नावे घेऊन लिहिले. मी ते लपवीत नाही. सेमिनरीत ते प्रथम वाचले तेव्हा त्या रात्री मला झोप आली नव्हती. परंतु त्या पिढीची समजूत अशी होती की, सुवार्ता जगाच्या टोकापर्यंत पोहोचून चुकली आहे आणि जो बाहेर आहे तो जाणूनबुजून बाहेर आहे. त्यानंतर अवघ्या पन्नास वर्षांनी, 1492मध्ये, कोलंबसाचे गलबत अशा किनाऱ्याला लागले जेथे येशूचे नाव कोणाच्या कानी पडलेले नव्हते.

तेव्हापासून ख्रिस्तसभा या प्रश्नाशी झगडत आली आहे. 1539मध्ये सालामांका येथे दोमिनिकन धर्मशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी सांगितले की, ज्यांनी ऐकलेच नाही त्यांच्यावर अविश्वासाचे पाप लादता येत नाही. 1547मध्ये त्रेंतच्या परिषदेने बाप्तिस्म्याच्या बरोबरीने बाप्तिस्म्याच्या इच्छेचाही उल्लेख केला. ख्रिस्त सर्वांसाठी मेला असे म्हणणे ही चूक होय, हे यान्सेनपंथीयांचे मत 1653मध्ये रोमने धिक्कारले. ख्रिस्तसभेबाहेर कृपाच नाही, हे विधान 1713मध्ये पोप अकरावे क्लेमेंट यांनी निषिद्ध ठरवले. आणि पोप नववे पायस, ज्यांना नवमतवादी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, त्यांनी 1863मध्ये लिहिले की, जे आपल्या दोषाविना अज्ञानात आहेत आणि सचोटीने जगतात, ते देवाच्या प्रकाशाने व कृपेने सार्वकालिक जीवन मिळवू शकतात. मग 1964मध्ये व्हॅटिकन परिषदेने हेच सांगितले तेव्हा काही नवे घुसडले, हा आरोप कोणत्या तोंडाने केला जातो?

अमेरिकेतील बोस्टन शहरी लिओनार्ड फीनी नावाचे एक येशूसंघीय धर्मगुरू होते. उत्तम वक्ते. बाहेरच्या कोणालाही तारण नाही, असे ते गर्जून सांगत. 1949च्या ऑगस्टमध्ये रोमच्या धर्मकार्यालयाने बोस्टनच्या आर्चबिशपांना पत्र लिहून हा अर्थ चुकीचा असल्याचे स्पष्ट केले. फीनी यांनी ऐकले नाही, रोमने बोलावले तरी गेले नाहीत. अखेर 1953मध्ये त्यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्यात आले. बाहेर तारण नाही असे सांगणारा माणूस स्वतः एकोणीस वर्षे बाहेर राहिला. 1972मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना पुन्हा जवळ घेतले, आणि ज्या मताचा त्यांनी आग्रह धरला होता ते मागे घेण्याची अटही घातली नाही. त्यांच्या तर्काने पाहिले तर ती मधली वर्षे त्यांची काय गत होती, हे कोणी बोलत नाही.

पण या सर्वांपेक्षा मला जे छळते ते आपल्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे एक पत्र. वसईच्या भूमीला त्यांचे पाय लागलेले आहेत. 2024च्या अखेरीस जुन्या गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले झाले, तेव्हा आपल्या गावांतूनही बसगाड्या भरभरून गेल्या. मीही गेलो होतो. रांगेत उभा असताना मला ते पत्र आठवत होते. 1549च्या ऑगस्टमध्ये संत झेवियर जपानला पोहोचले. दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहून परतल्यावर, 1552च्या जानेवारीत, कोचीहून त्यांनी युरोपातील आपल्या बांधवांना सविस्तर लिहिले. त्यात ते सांगतात की, नव्याने ख्रिस्ती झालेले जपानी लोक एका गोष्टीने व्याकूळ होत. आमचे आईबाप, आमच्या बायका, आमची लेकरे बाप्तिस्म्यावाचून मेली. दानधर्माने, प्रार्थनेने त्यांना सोडवता येईल का? संतांनी उत्तर दिले, त्यांच्यासाठी आता उपाय नाही. ते लोक रडत राहिले. ज्यावर इलाज नाही त्यासाठी माझे मित्र रडताना पाहून मलाही दुःख होते, असा त्या मजकुराचा आशय आहे.

संतांना दोष देण्याइतका मी मोठा नाही. त्यांच्या काळाने त्यांच्या हाती जे दिले तेच त्यांनी दिले, आणि त्यासाठी त्यांनी समुद्रात व बर्फात आपला देह झिजवला. त्याच पत्रात त्यांनी हेही लिहिले आहे की, देवाचे नियम कोणी उपदेशक येण्यापूर्वीच माणसांच्या अंतःकरणात लिहिलेले होते. ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी पुरती नांदत नाहीत, आणि संत झेवियर यांच्या हृदयाला ते जाणवले असावे असे मला वाटते. निदान ते त्या लोकांबरोबर दुःखी झाले. आमच्या सॅक्रिस्टीत त्या सकाळी दुःख कोणालाच झालेले नव्हते. मला राग आला तो त्याचा. चित्रगुप्त आपल्या शास्त्रात नाही, पण त्याची वही आपल्या खिशात असल्यासारखे आपण वागतो.

दुसऱ्या टोकाच्या सुशिक्षितांनाही येथे उत्तर दिले पाहिजे, कारण हा लेख वाचून ते सुखावतील. सर्व वाटा सारख्याच, नरक ही आजीबाईची गोष्ट, असे मी म्हणालेलो नाही. सैतानासकट सर्वांची सुटका ठरलेलीच आहे, हे मत ख्रिस्तसभेने सहाव्या शतकातच नाकारले. माणूस देवाला अखेरपर्यंत 'नाही' म्हणू शकतो. ती सुईण वाचली असेल तर ती कोणत्याही माणसाप्रमाणे ख्रिस्ताच्या क्रुसामुळेच वाचली, तिला ते नाव ठाऊक असो वा नसो. मात्र ख्रिस्तसभेने आजवर असंख्य संत जाहीर केले, पण अमुक मनुष्य नरकात आहे असे एकाचेही नाव तिने जाहीर केलेले नाही, यूदाचेसुद्धा नाही.

आपल्या घरी रोज संध्याकाळी पवित्र जपमाळ म्हटली जाते. प्रत्येक दशकानंतर फातिमाची ती लहानशी प्रार्थना आपण म्हणतो. तिच्यात कोणाचे आत्मे स्वर्गात न्यावेत अशी विनवणी आहे? सर्वांचे. शेजारणीला वगळून नव्हे. गुड फ्रायडेला आपण यहुद्यांसाठी, ख्रिस्तावर विश्वास न ठेवणाऱ्यांसाठी, देवच न मानणाऱ्यांसाठी गुडघे टेकतो. गुडघ्यांवर एक आणि अंगणात दुसरेच, असे कसे चालेल?

आणि व्हॅटिकन परिषदेच्या त्याच दस्तऐवजातील चौदावा परिच्छेदही एकदा वाचावा. जो देहाने ख्रिस्तसभेत आहे पण प्रीतीत टिकून नाही, त्याचे तारण होत नाही, असे तेथे म्हटले आहे. आपल्याला अधिक मिळाले म्हणून आपला न्यायही अधिक कडक होईल. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एकाने प्रभूला विचारले, वाचणारे थोडेच आहेत काय? प्रभूने आकडा सांगितला नाही. अरुंद दरवाजाने आत जाण्याची धडपड तुम्ही करा, असे त्याने विचारणाऱ्यालाच बजावले.

त्या सकाळनंतर आठवडाभराने, ज्याने मला प्रश्न केला होता त्याची आई मला भेटायला आली. घरी काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, "फादर, याच्या वेळेला पाय आधी आले होते. रात्रभर ती माझ्या उशाशी होती. पहाटे याला उलटा धरून तिने रडवला, तेव्हा कुठे ती स्वतः चहा प्यायली." मग तिने एक पाकीट टेबलावर ठेवले. त्यावर सुईणीचे नाव होते आणि खाली 'वर्षाची मिस्सा' असे लिहिले होते.

येत्या नोव्हेंबरात तिला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशीची सकाळी साडेसहाची मिस्सा तिच्या नावाची आहे.