थंडीच्या रात्री पांघरुणाचा विचार

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण खर्चाच्या संदर्भात वापरतो. परंतु मार्गशीर्ष-पौषातील रात्री घरातील वडीलधाऱ्यांचे अंथरूण खरोखरच एकदा निरखून पाहण्याची गरज असते. नाशिक, निफाड, पुणे किंवा विदर्भात या दिवसांत पहाटेचा पारा बराच खाली उतरतो. आपली घरे मात्र उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. फरशी गार, झरोके उघडे आणि खोली उबदार ठेवण्याची कोणतीही सोय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मधील निवासविषयक मार्गदर्शक तत्त्वांत थंडीत घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे असे सुचविले आहे. तेवढी ऊब खोलीत राखणे आपल्याकडे अनेकांना शक्य होत नाही. अशा घरात वृद्धांचे रक्षण करण्याचा भार अंथरूण-पांघरुणावरच येतो.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. पांघरूण स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीराची असते. पांघरूण ती केवळ अडवून धरते, आणि हे काम धाग्यांपेक्षा धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा अधिक करते. म्हणूनच एका जाडजूड पांघरुणापेक्षा दोन-तीन हलकी पांघरुणे अधिक उपयोगी पडतात. प्रत्येक थराच्या मध्ये हवेचा आणखी एक थर तयार होतो. शिवाय मध्यरात्री उकडू लागल्यास एक थर बाजूला सारता येतो व पहाटे गारवा वाढल्यावर पुन्हा ओढून घेता येतो.

वार्धक्यात ही सोय अधिकच मोलाची ठरते. वाढत्या वयात त्वचेखालील चरबीचा थर पातळ होतो, स्नायू घटतात आणि थंडी वाजून अंग थरथरण्याची नैसर्गिक क्रियाही मंदावते. गारठ्याची जाणीवच बोथट होत जाते. त्यामुळे ‘मला थंडी वाजत नाही’ हे आजोबांचे उत्तर प्रामाणिक असले, तरी ते पुरेसे नसते.

आता थरांचा क्रम पाहू. आपले लक्ष नेहमी पांघरुणाकडे असते. प्रत्यक्षात सुरुवात अंथरुणापासून करावी. शरीराच्या भाराखाली कापूस दबतो, त्यातील हवा निघून जाते आणि खालून गारवा लागू लागतो. जुनी, गोळे झालेली गादी या कामी फारशी उपयोगाची नसते. ती पिंजून घ्यावी. ते शक्य नसल्यास गादीवर एखादी गोधडी किंवा घोंगडी पसरून त्यावर चादर घालावी. जमिनीवर झोपण्याची सवय असल्यास फरशी आणि गादी यांमध्ये चटई व सतरंजी अवश्य असावी. गादी-रजईला आठवड्यातून एकदा कडक ऊन दाखवावे. दमट कापूस ऊब धरीत नाही.

अंगालगतचा थर मऊ सुती असावा. वृद्धांची त्वचा कोरडी व नाजूक असते. खरखरीत लोकर थेट अंगाला लागल्यास खाज सुटते आणि खाजविल्याने जखमा होतात. धुण्यास सोपे असे जुने मऊ लुगडे किंवा सुती चादर या जागी उत्तम. त्यावर दुसरा थर सोलापुरी चादरीचा, पातळ गोधडीचा अथवा लोकरीच्या शालीचा. लोकर हवेतील व घामातील ओलावा शोषूनही बरीच उबदार राहते, हा तिचा मोठा गुण. सर्वांत वर हलकी दुलई असावी. ही दुलई जड नसावी, याची विशेष दक्षता घ्यावी.

अनेक घरांत मुले मोठ्या प्रेमाने जाड, वजनदार रजई आणून देतात. मात्र खांदा आखडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या किंवा पक्षाघातानंतर एक बाजू दुबळी झालेल्या व्यक्तीस त्या ओझ्याखाली कूस बदलणेही कठीण होते. मग ती व्यक्ती रात्रभर एकाच कुशीवर पडून राहते, अथवा कंटाळून रजई पायांनी दूर लोटते आणि पहाटेच्या गारठ्यात उघडी पडते. ज्यांना दम लागतो त्यांना छातीवरील ओझे असह्य होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायांवर पांघरूण ताणून गादीखाली खोचू नये. बोटांवर व टाचांवर दाब पडून जखमा होण्याचा संभव असतो. रबरी कापड वापरावे लागत असल्यास त्यावर सुती चादर घालावी व ती ओली होताच बदलावी. ओले वस्त्र शरीराची ऊब झपाट्याने हिरावून घेते.

पाय उबदार असले की झोप लवकर लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. त्यासाठी सैल सुती अथवा लोकरीचे मोजे घालावेत. पायावर वळ उठविणारे घट्ट मोजे टाळावेत. डोक्याला कानटोपी असावी, पण पांघरूण तोंडावरून घेऊ नये. ज्यांना श्वसनाचा विकार आहे त्यांनी हे पथ्य कटाक्षाने पाळावे. मफलर गळ्याभोवती गुंडाळून झोपणेही टाळावे.

गरम पाण्याची पिशवी निजण्यापूर्वी अर्धा तास अंथरुणात ठेवावी आणि अंग टाकताना काढून घ्यावी. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना चटका बसल्याचे कळतही नाही, व सकाळी मोठा फोड दिसतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे तर जीवघेणे आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, गंध नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

रात्री लघवीस उठण्याच्या वेळेचाही विचार पांघरुणाबरोबरच करावा. जमिनीवर लोंबणाऱ्या कडेत पाय अडकून वृद्ध पडतात. दुलई पलंगाच्या कडेपर्यंतच असावी. उशाशी शाल, पलंगालगत चपला आणि वाटेत मंद दिवा ठेवावा. उठल्यावर मिनिटभर पलंगावर बसून, चक्कर येत नाही याची खात्री करून मगच उभे राहावे. रात्री उठावे लागेल या भीतीने दिवसभर पाणी कमी पिऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक साधी सवय लावून घ्यावी. रात्री एकदा व पहाटे एकदा आपला हात उबदार करून वृद्धांच्या पोटावर किंवा पाठीवर, कपड्यांच्या आतून ठेवावा. तळहात-तळपाय गार लागणे नेहमीचेच. त्यांवरून अंदाज बांधू नये. मानेमागे घाम असल्यास एक थर कमी करावा व ओले कपडे बदलावेत. पोट गार लागत असेल, बोलणे अडखळत असेल, भलतीच गुंगी वा गोंधळ जाणवत असेल, तर शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेल्याची शक्यता असते. अशा वेळी अंग चोळू नये, शेक देत बसू नये. कोरडे कपडे घालून, उबदार पांघरुणात गुंडाळून विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

बहुतेक वडीलधारी माणसे आपल्यामुळे कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून रात्रभर कुडकुडतात आणि सकाळी काही बोलत नाहीत. म्हणून ‘थंडी वाजली का?’ असे विचारून थांबू नये. ‘पांघरूण जड होते का? कूस बदलता आली का? पहाटे जाग आली तेव्हा पाय गार होते का?’ असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे ती टाळत नाहीत. त्या उत्तरांप्रमाणे आज रात्रीचे अंथरूण घालावे.