केसपेपरच्या बाहेरची बाई

बाईची हकीकत लिहून घेणं हे आपलं रोजचंच काम. लग्न कधी झालं, मुलं किती, मारहाण केव्हापासून, माहेरी कोण आहे, पोलिसांत गेली होती का. एम.एस.डब्ल्यू. करताना मला हेच शिकवलं आणि नंतरची दहा-बारा वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. आपल्या कपाटांत अशा शेकडो हकीकती आहेत. त्यामुळे आपल्याला बायांची आयुष्यं ठाऊक आहेत, असा माझा समज होता.

मागच्या हिवाळ्यात सिन्नर तालुक्यातल्या एका आजींकडे गेले होते. पोटगीसाठी त्या दहा वर्षांपूर्वी आमच्याकडे आल्या होत्या. आता श्रावणबाळ योजनेच्या अर्जासाठी त्यांना जुनी कागदपत्रं हवी होती, म्हणून मी फाइलच घेऊन गेले. त्यांना वाचता येत नाही. मी लिहिलेली त्यांची हकीकत सहज म्हणून वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "हे तर समदं त्याचंच हाय गं ताई. मी कुठं हाय याच्यात?"

मी पुन्हा वाचून पाहिलं. नवऱ्यानं काय केलं, नवरा केव्हा गेला, नवऱ्याची जमीन किती. आजी होत्या त्या फक्त मार खाणाऱ्या आणि अर्ज देणाऱ्या. तेवढं लिहिणं कोर्टासाठी गरजेचंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यापलीकडे कधी काही विचारलंच नाही.

म्हणून मग विचारलं. "तुमचं सांगा" म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. कुठलीही बाई अशीच गप्प होते. "माझ्या जन्मात काय ठेवलंय सांगण्यासारखं?" हे उत्तर तुम्हीही ऐकलं असेल. मी विड्यांबद्दल विचारलं तेव्हा त्यांचे हात आधी बोलू लागले. पान कसं भिजवायचं, पत्रा ठेवून कसं कातरायचं, दोरा कसा बांधायचा, मुकादम खराब म्हणून किती विड्या बाजूला काढायचा आणि त्याचे पैसे कसे बुडायचे. त्यावरून गाडी १९७२ च्या दुष्काळावर गेली. आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या, लग्न व्हायचं होतं. गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर आईबरोबर माती वाहिली, खडी फोडली. लाल मिलोची भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, उन्हात झोळीत टांगलेली पोरं, आणि हजेरी कमी लावली म्हणून साऱ्या बायांनी एक दिवस घमेली खाली टाकली ती हकीकत! ती सांगताना आजी उठून उभ्या राहिल्या. घमेलं कसं टाकलं ते त्यांनी मला करून दाखवलं.

महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला. त्याचा इतिहास लिहिताना वि. स. पागे यांचं नाव येतं, विधिमंडळातल्या चर्चा येतात, आणि ते योग्यच आहे. पण या योजनेला बळ आलं ते कामावर आलेल्या लाखो मजुरांमुळे. त्यांत बाया मोठ्या संख्येनं होत्या. त्यांनी मुकादमाशी घातलेले वाद, मोडलेली किंवा जमवलेली लग्नं, वाटून खाल्लेली भाकरी कुठल्या दप्तरात आहे? आणि तेव्हाची पंधरा वर्षांची मुलगी आज सत्तरीच्या घरात आहे. थोरल्या बाया तर एकेक करून चालल्या.

नाशिकमध्ये काम करणाऱ्या आपल्याला हे आधीच सुचायला हवं होतं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांचं नावही आपल्याला माहीत असतं. त्या सत्याग्रहात बायाही होत्या, हे मात्र कितीतरी वर्षं कुणी आवर्जून सांगत नव्हतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्या शोधून काढल्या, त्यांच्यापुढे बसून त्यांचं बोलणं टिपून घेतलं, आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. त्या कामात आणखी दहा-पंधरा वर्षं गेली असती, तर त्यातल्या किती जणी भेटल्या असत्या?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखावर भरल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही त्यांनी नोंदलं. आता पारीच्या संग्रहात त्या ऐकायलाही मिळतात. लोकगीत म्हटलं की 'अज्ञात' लिहून मोकळं व्हायची आपली रीत. इथं प्रत्येक ओवीला धनीण आहे!

या नावाच्या प्रश्नावर मला मुद्दाम थांबायचं आहे, कारण त्यात मी स्वतः चुकले आहे. एका अहवालासाठी मी एका बाईची कहाणी लिहिली. नियमाप्रमाणे नाव बदललं. पण तिचं गाव, शेळ्या, भावाचा किराणा, सगळं तसंच ठेवलं. चार महिन्यांत ते तिच्या भावापर्यंत पोचलं आणि तिचं माहेर तुटलं. तिला न विचारता मी तिचं आयुष्य वापरलं होतं. नाव बदलण्यानं तिचं रक्षण झालं नाही. झालं एवढंच, की त्या कहाणीवर तिचा हक्क उरला नाही.

त्यामुळे काही मैत्रिणी म्हणतात की नावानिशी लिहिणं धोक्याचं, तेव्हा मी ते उडवून लावत नाही. केसपेपर गुप्तच राहिला पाहिजे. पण केसपेपरची सवय आपण आयुष्याला लावतो, तिथं मला हरकत आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चातल्या बायांचे सोललेले पाय साऱ्या देशानं पाहिले. किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? त्या पायांनी त्याआधी काय काय तुडवलं, हे कितीजणांनी विचारलं?

नाव लपवायचं की लिहायचं, हे आपण ठरवायचंच नाही. तिनं ठरवायचं, आणि तेही ऐकल्यावर. लिहिलेलं तिला तिच्या घरी बसून वाचून दाखवायचं. ती म्हणेल ते खोडायचं, मग ते आपल्याला कितीही मोलाचं वाटो. एक प्रत तिच्याकडे द्यायची. बागलाणातली बाई अहिराणीत बोलली, सुरगाण्यातली कोकणीत बोलली, तर कागदावरही तीच भाषा राहू द्या. पुस्तकी मराठीत 'सुधारलेली' आजी तिच्या नातवालाही ओळखू येत नाही.

यंत्राची अडचण आता राहिलेली नाही, फोन प्रत्येकीच्या पिशवीत आहे. अडचण सांभाळण्याची आहे. फोन बिघडतो, भरला की आपणच जुनं पुसून टाकतो. म्हणून त्याच आठवड्यात उतरवून काढा, तारीख, गाव आणि विचारणारीचं नाव घाला, दोन ठिकाणी ठेवा. आपल्या संघटनांचंही काही वेगळं नाही. आम्ही जागा बदलली तेव्हा बैठकांची जुनी रजिस्टरं रद्दीत गेली. कितीतरी जणींनी पहिल्यांदा सही केली ती त्या रजिस्टरांत. तेव्हा कुणी ब्र काढला नाही, मीही नाही.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या तिमाहीत प्रत्येक गटानं आपल्या परिसरातली, बहात्तरच्या दुष्काळात कामावर गेलेली एक तरी बाई गाठावी. दोन-तीन दुपारी लागतात. तिचं काम थांबवून बसू नका, तिच्याबरोबर लसूण सोलायला बसा.

सिन्नरच्या आजींचं उतरवून झालं आहे. वाचून दाखवायला गेले, तर त्यांनी दोनच दुरुस्त्या सांगितल्या. एका मुकादमाचं नाव काढायला लावलं, कारण त्याची नात त्यांच्या सुनेची मैत्रीण आहे. आणि वर त्यांचं नाव मी नवऱ्याच्या आडनावासकट घातलं होतं, ते खोडायला लावलं. म्हणाल्या, "तळ्यावर हजेरी माझ्या बापाच्या नावानं लागायची. तेच घाल." कांद्याची लागवड उरकली की त्या मला तो पाझर तलाव दाखवायला नेणार आहेत.